‘अभिप्रायार्थ’ शिक्क्याच्या प्रती घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अभिप्रायार्थ पुस्तकं स्वीकारणारे सर्व वाचक, पुरवण्यांत लिहिणारे परीक्षक, बुकस्टाग्रामवाले आणि यूट्यूबवाले,
पुणे शहर व परिसर.

विषय : फुकट प्रत घेतल्यानंतरचे रीतिरिवाज.

स. न. वि. वि.

पुण्यातल्या लहानमोठ्या प्रकाशनांमध्ये अभिप्रायार्थ, म्हणजे परीक्षण लिहिण्यासाठी फुकट दिलेल्या, प्रतींचं काम बघणारी आम्ही काही माणसं हे पत्र लिहितो आहोत. प्रत बाजूला काढायची, पहिल्या पानावर शिक्का मारायचा, पाकीट चिकटवायचं, वहीत नोंद करायची आणि वाट बघायची, असा हा उद्योग. वहीतला शेवटचा रकाना ‘उत्तर’ असा असतो आणि तोच सगळ्यात जास्त रिकामा राहतो. प्रतीच्या मोबदल्यात आम्हाला स्तुती नको आहे. ‘वाचलं, लिहिण्याजोगं वाटलं नाही’ एवढी ओळ आली तरी रकाना भरतो आणि कुणाला राग येत नाही. पुस्तक घेऊन माणूस अंतर्धान पावला, की मात्र पुढच्या नवख्या परीक्षकाला प्रत देताना हात आखडतो.

आधी हिशेब सांगतो, कारण ‘एका प्रतीनं काय बिघडतं’ हा समज फार पसरलेला आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा ५०० प्रतींची असते. त्यातल्या ४० प्रती अभिप्रायार्थ गेल्या, तर आठ टक्के आवृत्ती विक्रीआधीच संपली. १९५४च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या चार ग्रंथालयांना ३० दिवसांत स्वखर्चानं पाठवायची असते, ती वेगळी. पुरवण्या आणि मासिकं बहुधा दोन प्रती मागतात आणि बऱ्याच वेळा त्यांचा शेवट ‘साभार पोच’मधल्या, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीतल्या, एका ओळीत होतो. (त्या ओळीची चेष्टा करू नये. निदान पोच तरी मिळते.) लेखकाला या फुकट प्रतींवर रॉयल्टी मिळत नाही, करारात सहसा तसं कलमच असतं. म्हणजे प्रत प्रकाशकाच्या एकट्याच्या खिशातून जात नाही.

पुस्तक मागताना काय लिहावं? ‘सर नमस्कार, रिव्ह्यूसाठी बुक्स पाठवा’ एवढ्यावर आम्ही काही करू शकत नाही. कुठलं पुस्तक हवं ते नावानिशी सांगा. एका वेळी एकच मागा, फार तर दोन. तुम्ही कुठे लिहिता किंवा बोलता ते सांगा, आधीच्या दोन परीक्षणांच्या लिंक द्या, आणि त्यातलं एक तुम्हाला न आवडलेल्या पुस्तकाचं असेल तर उत्तम. तुमचे अनुयायी किती, हा आकडा आम्ही बघतो, पण कवितासंग्रह किंवा कोशवाङ्मय पाठवताना त्याचा फारसा उपयोग नसतो. त्या विषयातलं तुमचं वाचन काय आहे, ते तिथे जास्त कामाचं. लेखक तुमचा मित्र, नातेवाईक, गुरू, सहकारी असेल किंवा पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव असेल, तर ते मागतानाच सांगा. अशा वेळी पुस्तक परीक्षणासाठी न घेणंच बरं. घ्यायचंच असेल तर विकत घ्या आणि लेखकाला पत्र लिहा.

पत्ता पूर्ण द्या. ‘मारुतीच्या देवळासमोर’ ही खूण पोस्टमनला पुरत असेल, पण सदाशिव पेठेत मारुती एकच नाही. पिन कोड (सदाशिव पेठ ४११०३०, कोथरूड ४११०३८), इमारतीचं नाव, मजला आणि चालू फोन नंबर हवा. दुपारी कुरिअर नको असेल तर तसंही लिहा, पुण्यात कुणाला त्याचं आश्चर्य वाटणार नाही. हे सगळं सांगायचं कारण टपालाचा खर्च. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. १ मे २०२५पासून डाक विभागानं शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं, त्यात सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा ठेवला. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराचं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचं २०० पानी पुस्तक साधारण २३० ग्रॅम भरतं. पाकिटासह ते पहिल्या टप्प्यात बसतं, अडीचशे पानांच्या आसपास गेलं की पुढच्या टप्प्यात जातं. अपुऱ्या पत्त्यामुळे पाकीट परत आलं की तोच खर्च पुन्हा करावा लागतो. शिवाय कोपरे चेमटलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला पाठवण्याच्या लायकीचं राहत नाही.

पुस्तक मिळालं की त्याच दिवशी एक निरोप पाठवा. आणि लगेच पानं चाळून बघा, वाचायला घ्याल तेव्हा नको. आपल्याकडे बहुतेक पुस्तकं १६ पानांच्या फर्म्यांनी बांधली जातात (फर्मा म्हणजे घडी घातलेला छापील ताव). पहिल्या फर्म्यापासून आकडे घातले असतील आणि ३२नंतर एकदम ४९ आलं, तर तिसरा फर्मा गळला आहे. ३३ ते ४८ दोनदा आलं, तर तो दोनदा लागला आहे. कधी फर्मा उलटा बसतो, कधी छपाईच्या तावाची एक बाजू कोरी राहते आणि मग पानांच्या जोड्या कोऱ्या निघतात. असं काही दिसलं तर फोटो काढून आम्हाला पाठवा, दुसरी प्रत येईल. बांधणीतला दोष एखाद्याच प्रतीत असू शकतो. तो परीक्षणात ‘पुस्तकाची निर्मिती सुमार’ म्हणून छापण्याआधी अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरी एक प्रत उघडून बघायला दहा मिनिटं लागतात. ती घालवावीत.

पार्सल फोडण्याचा व्हिडिओ टाकलात तर आनंद आहे. मात्र ते परीक्षण धरलं जात नाही, आमच्या वहीत तरी नाही.

पीडीएफ मिळाली असेल तर जास्त सांभाळायला हवं. पुस्तक छापायला जाण्याआधी काही जणांना प्रूफाची पीडीएफ जाते. तिच्यात शेवटचं मुद्रितशोधन झालेलं नसतं, पानांचे आकडे बदलू शकतात, एखादं प्रकरण गाळलंही जातं. म्हणून तिच्यातलं अवतरण छापील प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये, आणि तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजून लेखकाला टोमणे मारू नयेत. अजून बरीच मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत लागतात. त्या पीडीएफमधला उतारा कॉपी केला, की देवनागरीऐवजी चिन्हांचा चिवडा हाती येतो. मग मंडळी फोनच्या कॅमेऱ्यानं मजकूर उचलतात. त्यात रफार उडतो, अनुस्वार गळतो, ‘द्ध’चा ‘ध्द’ होतो, आणि ही सगळी अशुद्धं लेखकाच्या नावावर फिरतात. उतारा हातानं टाइप करा. नंतर पुस्तक समोर धरून एकेक शब्द मोठ्यानं वाचत तपासा, त्याहून चांगला उपाय नाही.

ती फाइल पुढे पाठवणं मात्र कुठल्याच सबबीवर चालणार नाही. ‘फक्त आमच्या वाचनगटात टाकली’ असं म्हणणाऱ्याच्या गटातून ती टेलिग्रामवर जाते आणि तिथून परत काढता येत नाही. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३खाली जाणूनबुजून केलेल्या अशा उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कुणी कोर्टात जाईलच असं नाही, पण ५०० प्रतींच्या पुस्तकाची फाइल फुटली तर ते पुस्तक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचणं अवघड होतं.

वेळेचं म्हणाल, तर ‘सवडीनं लिहितो’ हे आम्हाला ऐकायला बरं वाटतं, पण दुकानदार नवं पुस्तक दर्शनी टेबलावर काही आठवडेच ठेवतो. नंतर ते कपाटात उभं राहतं, कणा बाहेर, आणि उरलेल्या प्रती परत येऊ लागतात. प्रत मिळाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत लिहून झालं तर त्याचा उपयोग होतो. जमणार नसेल तर चौथ्या आठवड्यात कळवा. पाचशे पानी चरित्राला किंवा वैचारिक ग्रंथाला जास्त वेळ लागणार, तिथे घाई करून प्रस्तावनेवरून परीक्षण लिहिण्यापेक्षा तीन महिन्यांनी लिहा. प्रकाशनाची तारीख ठरलेली असेल तर तिच्याआधी काही टाकू नका. साहित्य परिषदेच्या सभागृहात ज्या पुस्तकाचं वेष्टण उघडायचं, त्याचा शेवट आदल्या रात्री रीलमध्ये सांगितलेला असू नये, एवढीच अपेक्षा.

आता लिहिण्याबद्दल. परीक्षणाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठसंख्या आणि किंमत असावी, आणि ती श्रेयपानावरून (आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक यांची माहिती असते त्या पानावरून) घ्यावी, ऑनलाइन दुकानाच्या पानावरून नको. तिथे पुनर्मुद्रणाचं वर्ष पहिल्या आवृत्तीचं म्हणून चिकटलेलं असतं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या बरोबरीनं द्या, मूळ भाषा सांगा. अनुवादित कादंबरीवर हजार शब्द लिहून ‘भाषा ओघवती आहे’ असं म्हणायचं आणि ती भाषा कुणाची ते सांगायचंच नाही, हा प्रकार दर महिन्याला दिसतो. मुलांच्या पुस्तकात चित्रकाराचं नाव सोडणं तितकंच वाईट, कारण त्या पुस्तकाचं निम्मं काम चित्रं करतात.

मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिलेलं परीक्षण आम्ही दुसऱ्या वाक्यालाच ओळखतो. तो मजकूर आम्हीच लिहिलेला असतो. ‘मानवी नातेसंबंधांचा तरल वेध’ हे आमचं पाप आहे, ते तुम्ही तुमच्या नावावर घेऊ नका. वाचक तुमच्याकडे येतो तो पुस्तक कुणासाठी आहे, काय करू पाहतं, ते त्याला कितपत जमलं आणि हे तुम्ही कशावरून म्हणता, एवढं जाणून घ्यायला. ‘कशावरून’साठी पुस्तकातला एखादा तुकडा समोर ठेवावाच लागतो. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये परीक्षणासाठी उचित उताऱ्याला मुभा आहे. किती ओळी म्हणजे उचित, ते कायद्यात आकड्यानं लिहिलेलं नाही. तुमच्या मुद्द्याला जेवढी गरज तेवढं घ्या. गद्यातले दोन-तीन छोटे उतारे पुरतात. कवितेचं प्रकरण नाजूक आहे. आठ ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे अर्धी कविता. पूर्ण कविता द्यायची तर परवानगी मागा, बहुतेक वेळा ती एका निरोपावर मिळते. आणि ‘सुंदर कविता’ म्हणत संग्रहाच्या वीस पानांचे फोटो टाकणं हे परीक्षणात मोडत नाही.

रहस्यकथेचा शेवट सांगू नये, हे सगळ्यांना कळतं. तेवढं सहज कळत नाही ते असं, की ‘शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका’ हेही सांगणंच आहे. त्यानंतर वाचक दीडशे पानं नुसता धक्क्याची वाट बघत बसतो.

पुस्तक आवडलं नाही तर? लिहा. खरंच लिहा. फुकट प्रत मिळाली म्हणून गुळमुळीत लिहिणाऱ्यांच्या कौतुकाला हळूहळू किंमत राहत नाही, आणि मग आमच्या खरोखर चांगल्या पुस्तकावर ते लिहितात तेव्हाही कुणी विश्वास ठेवत नाही. फक्त दोष कुणाचा ते नीट बघा. प्रकरणांची रचना फसली असेल तर ते लेखकाचं आणि संपादकाचं. पानापानावर मुद्रणदोष असतील तर आमचं. सनावळ्या चुकल्या असतील तर पान क्रमांकासह लिहा आणि आम्हालाही वेगळी यादी पाठवा, पुनर्मुद्रणात ती दुरुस्ती खरोखर होते. ‘चुका बऱ्याच आहेत’ या वाक्यावरून आम्ही काहीच दुरुस्त करू शकत नाही. ‘पृष्ठ ७४, ओळ ११’ यावरून करू शकतो. पात्रांच्या तोंडच्या बोलीला शुद्धलेखनाची फूटपट्टी लावू नका. ‘आलं व्हतं’ हे मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटलेलं नसतं.

ऑनलाइन दुकानात तारे देताना पुस्तकाला द्या. मराठी पुस्तकांना तिथे मोजकेच अभिप्राय असतात, त्यामुळे एकेक तारा जड पडतो. चार जणांनी पाच-पाच तारे दिले आणि पाचव्यानं कुरिअरवरच्या रागानं एक दिला, तर साधी सरासरी ४.२वर येते, आणि त्यात कुरिअरवाल्याचं काही जात नाही. ॲमेझॉनच्या नियमांप्रमाणे लेखक-प्रकाशक फुकट प्रत देऊ शकतात, पण बदल्यात अभिप्राय मागू शकत नाहीत आणि तो कसा असावा यासाठी दबावही आणू शकत नाहीत. तेव्हा कुणी ‘पुस्तक पाठवतो, पाच तारे टाका’ म्हणालं, तर पुस्तक नाकारा. तो आमच्यापैकी कुणी असला तरी.

पुस्तक कुठून मिळालं, हे वाचकाला सांगायलाच हवं. ‘हे पुस्तक प्रकाशकाकडून अभिप्रायार्थ मिळालं’ हे पाच शब्द पुरेत. ते सुरुवातीला असावेत, तीस हॅशटॅगांच्या खाली पुरलेले नकोत. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१ साली समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी सूचना काढल्या, त्यात अट असो वा नसो, फुकट मिळालेली वस्तू हाही उघड करण्याजोगा संबंध धरला आहे. तुमचं मत निःपक्षपाती असलं तरी. व्हिडिओसाठी त्यांचं माप असं : १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत सूचना किमान तीन सेकंद दिसावी, दोन मिनिटांपेक्षा लहान असेल तर एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठा असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू असेपर्यंत. प्रतीबरोबर मानधनही घेतलं असेल तर ती सरळ जाहिरात आहे, तिला परीक्षण म्हणू नका. पैसे घेण्यात गैर काही नाही, गैर आहे ते लपवण्यात. आणि ज्या प्रकाशकाला ही ओळ टोचते, त्याच्याकडून पुन्हा प्रत घेऊ नका.

थोडं आमच्या बाजूच्या दोषांबद्दल. न मागता पुस्तकं पाठवण्याची खोड आपल्या व्यवसायात जुनी आहे. अशा पुस्तकाबद्दल तुमच्यावर कसलंच बंधन नाही, ना वाचण्याचं ना उत्तराचं. ‘छापण्याआधी परीक्षण दाखवा’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. एखादी तारीख किंवा नाव तपासून घ्यायचं असेल तर तेवढाच प्रश्न विचारा, मजकूर पाठवू नका. लेखक परस्पर फोन करून ‘वाचलंत का?’ विचारू लागला तर आम्हाला कळवा, त्याला समजावणं आमचं काम. परीक्षण आलं की त्याची लिंक आम्हाला एकदा पाठवा. लेखकाला टॅग करायचं की नाही हे तुमच्यावर, पण झोडपणाऱ्या परीक्षणात लेखकाला मुद्दाम टॅग करण्यात कुणाचंच भलं नाही.

राहिला प्रश्न वाचून झालेल्या प्रतीचा. दिलेली प्रत तुमची झाली, ती आम्ही परत मागत नाही. पण पुस्तक दुकानात नवं असताना ‘अभिप्रायार्थ’ शिक्क्याची प्रत निम्म्या किमतीत फूटपाथवर दिसावी, हे बरं नाही, आणि ती दिसते. काही जण विकण्याआधी लेखकाची सही असलेलं पहिलं पान फाडतात. शिलाईच्या पुस्तकात त्या फर्म्यातलं त्याचं जोडपान (त्याच घडीचं दुसरं टोक), म्हणजे १५-१६, त्याबरोबर सुटतं. मग ते पुस्तक घेणारा आम्हाला फोन करून बांधणीला नावं ठेवतो. चिकटवलेल्या बांधणीत शेजारची पानं सैल होतात. सही राहू द्या. सहा महिने थांबा, मग मित्राला द्या किंवा ग्रंथालयाला द्या. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. त्यातल्या ‘ड’ वर्गातल्या लहान वाचनालयांना नव्या पुस्तकांची चणचण कायम असते. आधी फोन करून काय हवं ते विचारा, यादी कळवा, आणि मगच पिशवी घेऊन जा. प्रूफाची छापील प्रत असेल तर ती ग्रंथालयालाही देऊ नका. तिच्यात चुका आहेत आणि पुढे कुणीतरी ती प्रमाण मानून उतारा घेईल. ती रद्दीतही आडवी फाडूनच टाका.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, त्याच्या आधी आम्ही याद्या नव्यानं करतो. पत्ता बदलला असेल, आवडीचा विषय बदलला असेल, किंवा आता पुस्तकं नकोच असतील, तर दिवाळीपर्यंत एक ओळ पाठवा. दोन पुस्तकांची उत्तरं राहिली असतील तर त्याच निरोपात ‘वाचली नाहीत’ असं लिहा. पुढचं पाकीट तरीही येईल.

आपले,
पुण्यातल्या काही प्रकाशनांत अभिप्रायार्थ प्रतींची वही सांभाळणारे